कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओसाठी गाणं कसं निवडाल?

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या एडिटिंगच्या खोलीत कॉलेजची पोरं यायला लागतात. रत्नागिरीत राम आळीच्या मागे माझं काम चालतं. लग्नं, नमनाचे खेळ, शिमग्याच्या पालख्या, गणपती, मधूनच एखाद्या होमस्टेची जाहिरात. मास मीडियाच्या मुलांना वर्षात एखादा व्हिडिओ करायचा असतो आणि बरेच गट म्युझिक व्हिडिओच घेतात. खोलीत शिरताना त्यांचं गाणं ठरलेलं असतं आणि पहिला प्रश्न असतो, ‘दादा, ड्रोन मिळेल का?’ मी म्हणतो, बसा, आधी गाणं ऐकवा. ड्रोन नाही मिळाला तर टेकडीवर चढता येतं. कपडे बदलता येतात, जागा बदलता येते, नाचणारा ऐनवेळी आला नाही तर दुसरा उभा करता येतो. गाणं चुकलं तर मात्र एडिटिंगला बसल्यावर हाती काहीच राहत नाही, कारण प्रत्येक शॉट त्याच गाण्यासाठी घेतलेला असतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगतो. जे गाणं नुसतं ऐकूनच सगळं दिसून जातं, ते घेऊ नका. ज्यात चित्राला काम उरलंय, ते घ्या. ते कसं ओळखायचं, त्यासाठी हे सगळं लिहितोय.

हाताशी काय आहे ते आधी लिहा

गाणी ऐकायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि गटातल्या प्रत्येकाने आपल्याकडे काय आहे ते लिहा. मिऱ्याच्या मुलाच्या वडिलांची होडी आहे. लांज्याच्या मुलीच्या घरी कलमांची बाग आहे, डिसेंबरात मोहर येईल. एकाचा मामा एसटीत कंडक्टर आहे. एकीची आत्या मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या लिलावाला बसते. एकाला पखवाज येतो. हे सगळं फुकट आहे, खरं आहे आणि मुंबई-पुण्याच्या गटांना पैसे टाकून मिळणार नाही. मुलं हे लिहायला लाजतात. ‘त्यात काय, ते तर रोजचंच’ म्हणतात. पण व्हिडिओत जीव येतो तो त्या रोजच्यातूनच. ज्या गाण्यासाठी स्पोर्ट्स कार, बर्फ आणि उंच इमारतीची गच्ची लागते, ते कितीही आवडलं तरी तुमच्या कागदावर नाही.

त्याच कागदावर महिने लिहा. प्रोजेक्ट फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यायचा असेल तर पावसाचं गाणं घेऊ नका. ऑक्टोबर उलटला की पाऊस गेला, आणि जानेवारीत सडे, म्हणजे कातळाची पठारं, पिवळे पडलेले असतात, खालचा जांभा दगड उघडा दिसतो. पाइपने पाणी मारून पाऊस आणायचा खटाटोप मुलं करतात. मागे लख्ख ऊन आणि पुढे पाणी, असं ते दिसतं. त्यापेक्षा उन्हाचं, वाट पाहण्याचं, धुळीचं गाणं घ्या. तुमचा विषय शिमग्याच्या पालखीचा असेल तर फाल्गुन कधी आहे ते कॅलेंडरात बघा. देव तुमच्या सबमिशनच्या तारखेनुसार बाहेर पडत नाहीत. होड्या समुद्रात हव्यात तर लक्षात ठेवा, जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. हेच दृश्य एखाद्या थांबलेल्या, अडकलेल्या माणसाच्या गाण्याला फार चांगलं जातं, फक्त ते आधी ठाऊक हवं.

समुद्रावर शूट करायचं असेल तर दोन गोष्टी गाण्याच्या निवडीशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला जी ओली वाळू मिळाली, ती चार दिवसांनी त्याच वेळेला मिळत नाही. अख्खं गाणं एकाच किनाऱ्यावर एकाच मनःस्थितीत घडत असेल तर ते एक-दोन दिवसांत उरकता आलं पाहिजे. मालवणला एका म्हाताऱ्या रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याने, शूटला आलेल्या मुलांना सांगितलं होतं, ‘पाणी काय तुझ्यासाठी थांबणार नाय.’ शूटचं वेळापत्रक बनवताना मी ते वाक्य मुलांना पहिल्या ओळीत लिहायला लावतो.

दुसरी गोष्ट उजेड. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी समुद्र मागे ठेवून माणूस उभा केला की त्याचा चेहरा काळा पडतो, नुसती आकृती दिसते. सकाळी ऊन डोंगराच्या बाजूने येतं, म्हणून समुद्र मागे असला तरी चेहरा उजळतो. गाणं चेहऱ्यावर चालणारं असेल, डोळे दिसायला हवे असतील, तर पहाटे उठायची तयारी असलेला गट हवा. गाणं दूरच्या आकृत्यांवर निभावणारं असेल तर संध्याकाळ पुरते.

कागदावर ऐका

आता गाणं. आवडतं गाणं आपण हजारदा ऐकलेलं असतं, त्यामुळे ते ऐकूच येत नाही. म्हणून ते लिहून काढायचं. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मिनिट-सेकंद, दुसऱ्यात काय वाजतंय, तिसऱ्यात काय म्हटलंय. 0:00 ते 0:18 नुसती बासरी आणि तानपुरा. 0:18 ला ढोलकी. 0:31 ला मुखडा. 1:02 ते 1:20 म्युझिक पीस. असं शेवटपर्यंत. अर्धा तास लागतो, त्याहून जास्त नाही.

हे पान हाती आलं की मी फक्त दुसरा रकाना बघतो. त्यात किती वेळा काहीतरी बदलतं? नवीन वाद्य आलं, ताल थांबला, आवाज एकटा उरला, कोरस उठला. अशा प्रत्येक बदलावर चित्रात काहीतरी घडवता येतं. तीन मिनिटांच्या गाण्यात असे सात-आठ बदल असले तर तुमची गोष्ट उभी राहते. सुरुवातीला सुरू झालेला ठेका शेवटपर्यंत तसाच कुटत राहिला, तर पहिल्या मिनिटानंतर तुमच्याकडे कितीही सुंदर शॉट असोत, बघणारा मोबाइलवरचे मेसेज बघायला लागतो. नाचायला ते गाणं उत्तम असेल. व्हिडिओला नाही.

लांबीही याच पानावर कळते. सरासरी तीन सेकंदांचा एक शॉट धरा, म्हणजे मिनिटाला 20. साडेतीन मिनिटांच्या गाण्याला 70 शॉट लागतील, साडेपाच मिनिटांच्या गाण्याला 110. आणि हे पडद्यावर दिसणारे. प्रत्येक शॉट तीन-चारदा घ्यावा लागतो. चार जणांचा गट, एक फोन, शनिवार-रविवार, मध्ये परीक्षा. तीन ते साडेतीन मिनिटांच्या पुढे जाऊ नका. लांब गाणं आवडलंच असेल तर दुसरा अंतरा काढता येतो का ते पाहा. पण तो कापून बघा, डोळे मिटून ऐका, आणि जोड कळतो का ते गाणं ठाऊक नसलेल्या माणसाला विचारा.

शब्दांनी काय सांगितलं, तुम्ही काय सांगणार

तिसऱ्या रकान्यात शब्द आहेत. त्यातल्या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंखाली रेघ मारा: लाट, होडी, चंद्र, माड, पैंजण. एका कडव्यात पाच-सहा रेघा पडल्या तर जपून. गाणं म्हणालं लाट की तुम्ही लाट दाखवणार, म्हणालं माड की माड दाखवणार. बघणाऱ्याला प्रत्येक गोष्ट दोनदा मिळते आणि दोन्ही वेळा तीच. कोकणावरची गाणी निवडताना हे हमखास होतं. मुलांना वाटतं, आपल्याकडे समुद्र आहे म्हणून समुद्राचं गाणं सोपं. उलट आहे. समुद्राचं वर्णन करणाऱ्या गाण्याला तुमचा समुद्र लागतच नाही.

ज्या गाण्यात मनात काय चाललंय ते आहे, पण कुणाच्या, कुठे, कधी हे सांगितलेलं नाही, ते शोधा. वाट पाहण्याचं गाणं घ्या. गाण्यात बहुधा प्रियकर असेल. तुम्ही तो दाखवलाच पाहिजे असं कुठे आहे? गणपतीच्या आदल्या दिवशी रत्नागिरी स्टेशनवर जा. मुंबईहून येणारी गाडी उशिरा धावतेय आणि आजोबा प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसलेत. शब्द विरहाचे आणि चित्र चाकरमान्याच्या बापाचं. दोन्ही एकत्र आले की तिसरंच काही तयार होतं, आणि ते तिसरं तुमच्या गटाचं स्वतःचं असतं. मार्क देणाऱ्या मॅडमनाही तेच बघायचं असतं.

मी गटाला एक प्रश्न विचारतो आणि उत्तर एका वाक्यात मागतो: आवाज बंद करून बघितलं तर या व्हिडिओत काय घडतं? ‘एक मुलगी समुद्रावर चालते’ हे उत्तर नाही, ते चालणं झालं. ‘मुलगी वडिलांची विकलेली होडी शोधत तीन बंदरं फिरते’ हे उत्तर झालं. गाणं ऐकताना असं वाक्य सुचत नसेल तर दुसरं गाणं ऐका. स्वतःवर जबरदस्ती करू नका.

लय मोजा

गाणं लावा, 15 सेकंदांत किती ठोके पडतात ते टाळीने मोजा आणि चारने गुणा. ही मिनिटाची गती. बरेचसे फोन सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं घेतात. मिनिटाला 90 ठोके असतील तर एक ठोका 20 फ्रेमचा, 100 असतील तर 18 चा, 120 असतील तर 15 चा. हे एडिटिंगच्या वेळी कामाला येतंच, पण निवडतानाही येतं. दर चार ठोक्यांना एक कट घ्यायचा म्हटलं तर 90 च्या गाण्यात शॉट अडीच-पावणेतीन सेकंद टिकतो, तीन मिनिटांना 67-68 शॉट पुरतात. 140 च्या गाण्यात तोच हिशेब 105 वर जातो. वेगवान गाणं करायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात ते तुमच्याकडून जवळजवळ दीडपट शूटिंग मागतं.

मग तुमच्या कागदावरची कामं आणि गाण्याची लय शेजारी ठेवा. माणसं काम करताना आपल्या लयीत करतात. वल्हं मारणं, रापण ओढणं, सुक्या मासळीची उलथापालथ, माडावर चढणं, काजूच्या बिया सोलणं. रापण ओढणारे एकदम जोर लावतात, मग दम घेतात. त्यावर सरळ पळणारा ठेका लावला तर ती माणसं गाण्याच्या मागे पडल्यासारखी दिसतात. त्यांचा श्वास आणि गाण्याची सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, जुळली तर एकही कट न घेता दहा सेकंदांचा शॉट चालतो. फोनवर त्या कामाचा साधा व्हिडिओ काढून आणा आणि त्यावर तीन वेगवेगळी गाणी लावून बघा. कुठलं बसतं ते लगेच कळतं, कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडची भजनं, जाखडी, नमनातली गाणी यांची एक खासियत आहे: ती संथ सुरू होतात आणि चढत जातात. भजनी बुवा ठाय म्हणजे संथ लयीत उचलतात, पखवाजवाला हळूहळू वाढवतो, शेवटी टाळ नुसते कडकडतात. मिनिटाला इतके ठोके असं मोजायला गेलात तर सुरुवातीचा आकडा वेगळा आणि शेवटचा वेगळा. घाबरू नका. गोष्ट चढत न्यायचं काम गाणंच करतं. पहिल्या कडव्यात लांब शॉट, शेवटच्यात तुकडे. एवढंच करायचं की कॉम्प्युटरच्या आपोआप बीट शोधणाऱ्या सोयीवर विसंबायचं नाही. समेवर खुणा कानाने ऐकून हाताने मारायच्या.

कॅमेऱ्यासमोर कुणी गाणार आहे का

हे गाणं ठरवतानाच ठरवा. ओठ हलवायचे असतील तर शब्द तोंडपाठ असलेला आणि न लाजणारा माणूस हवा. वेगवान शब्दांचं गाणं आणि नवखा कलाकार ही जोडी टाळा. समुद्रावर वारा आणि लाटा छोट्या स्पीकरचा आवाज खाऊन टाकतात. स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशी, फ्रेमच्या जरा बाहेर ठेवा. तो कॅमेऱ्याजवळ ठेवून गाणारा 34 मीटर लांब उभा केला तर आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे 3 फ्रेम, आणि ओठ मागे पडलेले दिसतात. गाण्याच्या आधी तीन टीक-टीक आवाज जोडून घ्या, म्हणजे प्रत्येक शॉट जुळवायला खूण मिळते. फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम घेतो तो वेग, चालता-चालता कमी-जास्त होतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी सरकतात. एडिटिंगला आणण्याआधी फूटेज स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या, नाहीतर फोनमध्येच तशी सेटिंग मिळते का ते पाहा.

स्लो मोशनमध्ये गाणारा चेहरा हवा असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, त्यावर ओठ हलवायला लावा, सेकंदाला 60 फ्रेमने शूट करा आणि निम्म्या वेगाने चालवा. ओठ बरोबर, केस आणि लाटा संथ. हे जमायला मूळ गाणं संथच हवं. वेगवान गाणं दुप्पट केलं की कुणाचीच जीभ वळत नाही.

गाणं कुणाचं आहे

आता ज्या भागावर मुलं सगळ्यात कमी वेळ देतात आणि नंतर सगळ्यात जास्त पस्तावतात, तो. एका रेकॉर्ड केलेल्या गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि त्या रेकॉर्डिंगचा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क कवी आणि संगीतकार यांच्या हयातीत असतो, आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून आणखी 60 वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 1960 साली निघालेली तबकडी 2020 अखेर मुक्त झाली. पण तिचे गीतकार 1980 साली वारले असतील तर शब्द 2040 संपेपर्यंत बांधलेलेच. ‘जुनं गाणं आहे, चालतं’ असं म्हणणाऱ्याला हे तीनही हिशेब करायला सांगा.

दोन समजुती डोक्यातून काढून टाका. ‘30 सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं’ असं कायद्यात कुठेही नाही. ‘खाली नाव दिलं की झालं’ हेही नाही. नाव देणं चांगलं आहे, द्यावंच, पण नाव म्हणजे परवानगी नव्हे.

कायद्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्या-शिकण्यासाठी काही सवलती आहेत, आणि कॉलेजचे कर्मचारी, विद्यार्थी, पालक एवढ्याच प्रेक्षकांसमोर होणाऱ्या कार्यक्रमालाही आहे. त्या भिंतींच्या आत तुम्ही बऱ्यापैकी निर्धास्त असता. प्रश्न येतो तो दुसऱ्या दिवशी, जेव्हा तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकावासा वाटतो किंवा स्पर्धेला पाठवावासा वाटतो. तिथला प्रेक्षक या सवलतीत बसत नाही. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. कधी नुसता दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, कधी आवाज काढून टाकावा लागतो, कधी व्हिडिओच दिसेनासा होतो. मालकाने रीतसर तक्रार केली तर स्ट्राइक, म्हणजे चॅनेलला ताकीद लागते, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक लागले तर चॅनेल जाऊ शकतं. एका गटाने परीक्षेत पहिला नंबर काढलेला व्हिडिओ स्पर्धेच्या अर्जात अडकला, कारण अर्जात गाण्याच्या परवानगीचा कागद मागितला होता. इतकं सुंदर काम, आणि ते आता कुणाला दाखवता येत नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे विस्ताराने सांगतोय.

मग मार्ग काय? चार आहेत.

पहिला, मुक्त शब्द आणि स्वतःची चाल. गणपतीपुळ्याच्या पलीकडे मालगुंड आहे, केशवसुतांचं गाव. ते 1905 साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच सगळ्यांच्या झाल्या आहेत. ज्ञानेश्वर-तुकारामांचे अभंग तर आहेतच. पण तो अभंग ज्या प्रसिद्ध चालीत आपण गुणगुणतो ती चाल एखाद्या संगीतकाराची असते, तेव्हा ती उचलू नका. वर्गात पेटी वाजवणारी एक तरी मुलगी असते. तिला चार दिवस द्या.

दुसरा, मोफत परवान्याचं संगीत. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मिळतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावरही मिळतं, पण अक्षरं वाचा. ‘एनसी’ असेल तर धंद्यासाठी वापरायचं नाही. ‘एनडी’ असेल तर व्हिडिओला अजिबात लावायचं नाही, कारण चित्राशी जुळवलेलं संगीत हा त्या परवान्याच्या भाषेत बदलच धरतात. हा मुद्दा भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो.

तिसरा, गावातलं गाणं. इथे फार जपून, कारण ‘लोकगीत आहे, कुणाचंच नाही’ म्हणून जे उचललं जातं ते पुष्कळदा शेजारच्या गावातल्या हयात शाहिराचं असतं. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यातली गाणी, जाखडीतली गाणी, डबलबारीतले म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यातले गजर ही माणसं आजही नव्याने लिहितात. बुवांना विचारा, गजर कुणी बांधला? चाल कुठली? चाल सिनेमाच्या गाण्यावरची निघाली तर ती सोडा, दुसरी मागा. बुवांकडे पारंपरिक चाली भरपूर असतात, आणि कुणी आवडीने विचारलं की ते चार जास्तच म्हणून दाखवतात.

चौथा मार्ग माझ्या सगळ्यात आवडीचा, आणि तो बहुधा घरातच असतो.

पावस गावाकडची एक मुलगी माझ्याकडे तीन हिंदी गाणी घेऊन आली होती. बोलता-बोलता म्हणाली, आजी जात्यावर ओव्या म्हणायची. मी म्हटलं, अजून म्हणते का? म्हणाली, जातं पडवीत आहे, पण आता आम्ही दळायला चक्कीवर जातो. दुसऱ्या रविवारी गट घेऊन ती घरी गेली. आजीला नुसतं ‘म्हण’ म्हटलं तर दोन ओळींवर अडली. मग जातं धुऊन पुसून नाचणी घेतली, खुंट्याला हात लागला आणि आजी सुरू झाली. मुलांनी पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं, फोन विमान मोडवर टाकून घडी केलेल्या गोधडीवर ठेवला, म्हणजे जमिनीची घरघर फोनमध्ये शिरत नाही. आजीच्या तोंडापासून दीड हातावर, जात्याच्या विरुद्ध बाजूला. सगळं एकदा जात्यासकट घेतलं. मग आजी थकून भिंतीला टेकून बसली तेव्हा त्याच ओव्या जात्याशिवाय म्हटल्या, त्याही घेतल्या. वेगळी जात्याची घरघर दोन मिनिटं घेतली.

फाइल माझ्याकडे आली. ओवी लेकीला सासरी धाडल्याची. दर ओवीनंतर आजी मूठभर नाचणी जात्यात घालायला थांबायची, तेवढा वेळ नुसती घरघर. कधी तीन सेकंद, कधी सहा. मी वर चित्राला काम उरलं पाहिजे म्हणालो ते हेच. मुलांनी जातं दाखवलंच नाही. त्यांनी नातीचं रत्नागिरीला हॉस्टेलवर जाणं दाखवलं. पत्र्याची पेटी, एसटीची मागची सीट, खोलीत तिघींच्या तीन खाटा, डब्यातल्या भाकरीला फडकं. शब्द सासरचे होते आणि मुलगी शिकायला चालली होती. आजीच्या थांबण्याच्या जागांवर त्यांनी गाडीची चाकं ठेवली, आणि जात्याची घरघर चाकांची होऊन गेली. त्यासाठी एक रुपया लागला नाही.

अशा रेकॉर्डिंगला परवानगी लागते, आणि ती साध्या कागदावर मराठीत घेता येते. गाणाऱ्याचं नाव, काय गायलं, कुठल्या तारखेला रेकॉर्ड केलं, कशाकशासाठी वापरणार (कॉलेजचा प्रोजेक्ट, यूट्यूब, स्पर्धा हे वेगवेगळं लिहा), नाव कसं देणार, आणि सही किंवा अंगठा. वाचून दाखवा, मग सही घ्या. गाणारं लहान मूल असेल तर आई-वडिलांची. भजन मंडळ असेल तर बुवांची एकट्याची पुरत नाही, पखवाजवाला आणि कोरसवालेही गायक-वादकच आहेत. मंडळाला व्हिडिओची एक प्रत द्यायचं कबूल करा आणि ती खरंच द्या.

दोन गाण्यांत अडलात तर

मतदान करू नका. ज्याचा आवाज मोठा त्याचं गाणं जिंकतं. त्याऐवजी दोन्ही गाण्यांतली सगळ्यात अवघड 30 सेकंदं निवडा, बहुधा तो दुसरा म्युझिक पीस असतो, जिथे शब्द नसतात आणि काय दाखवायचं ते कुणालाच सुचत नाही. प्रत्येक गाण्याची तेवढीच 30 सेकंदं फोनवर शूट करा, कलाकार म्हणून गटातलंच कुणीही चालेल. फोनमध्येच जोडा. आधी आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून. जे आवाजाशिवाय कळतं आणि आवाज लावल्यावर आणखी काही सांगतं, ते घ्या. दोन्ही नापास झाली तर बरंच झालं, एका संध्याकाळीत कळलं.

गाणं नक्की झालं की त्याची मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको, तिचा दर्जा पडलेला असतो. स्वतः रेकॉर्ड केलं असेल तर वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झला. शूटला वाजवायची, एडिटिंगला लावायची आणि ओठांचा सराव करायची फाइल एकच ठेवा, नावही एकच ठेवा. शूट सुरू झाल्यावर कुणी ‘दादा, गाण्याची आणखी चांगली कॉपी मिळाली’ म्हणत आला तर ती दोन सेकंदांनी लहान-मोठी नाही ना, ते आधी तपासा. परवानगीच्या कागदाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, आणि फोल्डरची एक प्रत गटातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर राहू द्या.